देशभर दारूबंदी झाली, तर दुसऱ्या दिवसापासून घरात काय होतं?

सांजवात (धागाकर्ती)

दारूबंदीचा विषय निघाला की चर्चा दोन वाक्यांत आटोपते. एक बाजू म्हणते, "बंदी आणा, घरं वाचतील." दुसरी म्हणते, "अमेरिकेत फसली, कुठेच चालत नाही." ही दोन्ही वाक्यं मी आयुष्यात वेगवेगळ्या वयात अगदी मनापासून बोलले आहे. म्हणून हा धागा.

माझे बाबा रोज प्यायचे. पगाराच्या दिवशी आई आम्हा दोघी बहिणींना शेजारच्या काकूंकडे झोपायला पाठवायची. अंथरुणात पडल्या पडल्या मी एकच गोष्ट मागायचे, ते दुकान जळून जाऊ दे. अकरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय सुचणार? बाबा जाऊन आता सहा वर्षं झाली. लिव्हर संपलं होतं. गेली दोन वर्षं या विषयावर हाताला लागेल ते वाचतेय. ज्या देशांनी अख्ख्या देशात बंदी केली, तिथल्या घरांत काय बदललं, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे. राज्यापुरत्या किंवा जिल्ह्यापुरत्या बंदीत शेजारून माल येत राहतो, म्हणून शक्यतो देशव्यापी बंदीबद्दलच बोलूया.

आधी एक कबूल करायला हवं. बंदीने पिणं कमी होतं. "काही फरक पडत नाही, प्यायचे ते पितातच" हे खरं नाही. अमेरिकेत १७ जानेवारी १९२० रोजी बंदी लागू झाली. त्या काळातल्या चोरट्या दारूचा हिशेब कुणी ठेवणार नव्हतं, पण सिऱ्हॉसिसचे, म्हणजे लिव्हर निकामी होऊन झालेले मृत्यू, नशेत पकडलेल्यांची संख्या, दारूपायी मनोरुग्णालयात आलेले लोक यांची नोंद होती. त्यावरून जेफ्री मायरन आणि जेफ्री झ्वीबल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये अंदाज बांधला. सुरुवातीला खप आधीच्या साधारण ३० टक्क्यांवर घसरला आणि पुढच्या काही वर्षांत ६० ते ७० टक्क्यांपर्यंत परत चढला. म्हणजे चोरटा धंदा पुरता बस्तान बसवून बसल्यावरही निदान तीस टक्के पिणं कमीच होतं. माझ्यासारख्या घरातून आलेल्या माणसाला हा आकडा सहज बाजूला सारता येत नाही.

पण जे पिणं उरलं, त्याची जात बदलली. बिअरची पिंपं लपवायला कठीण, वाहून न्यायला जड. पकडलं जाण्याची भीती असलेला माणूस त्याच जागेत जास्तीत जास्त नशा भरतो. म्हणून हलकी दारू मागे पडली आणि कडक दारू पुढे आली. बाटलीत काय आहे हे सांगायला कुणी उरलं नाही.

आणि मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न हा, की बंदीच्या दुसऱ्या सकाळी माझ्या बाबांसारख्या माणसाचं काय झालं असतं? कायदा करणाऱ्यांच्या भाषणांत मला याचं उत्तर सापडलं नाही. इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत, इतिहासाचे जाणकार आहेत. लिहा.

---

जुनीनोंद

चांगला धागा. एक दुरुस्ती सुरुवातीलाच करतो, कारण पुढच्या बऱ्याच गोष्टी तिथून निघतात. अमेरिकेच्या अठराव्या घटनादुरुस्तीने पिण्यावर बंदी घातलीच नव्हती. बंदी होती ती बनवणं, विकणं, वाहून नेणं आणि आयात-निर्यात यांवर. १९२० च्या आधी विकत घेऊन घरात ठेवलेली दारू घरात बसून पिणं कायदेशीर होतं. ज्यांच्याकडे पैसा होता आणि तळघर होतं, त्यांनी वर्षभर आधीच भरून ठेवलं. रोजच्या मजुरीवर जगणाऱ्याला हे शक्य नव्हतं. एकच कायदा, पण पहिल्या दिवसापासून दोघांसाठी वेगळा.

पळवाटाही तशाच. डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्की मिळायची. धर्मविधीसाठी वाइन मिळायची. द्राक्षाच्या रसाचा घट्ट गोळा विकत मिळायचा, आणि तो पाण्यात विरघळवून ठेवला तर त्याची वाइन होईल, म्हणून तसं करू नका, अशी सूचना सोबत असायची. सूचना कशासाठी होती ते घेणाऱ्याला बरोबर कळायचं.

बंदी करणारा अमेरिका हा एकटा देश नव्हता, हेही लक्षात ठेवूया. रशियात झारने १९१४ मध्ये महायुद्धाच्या तोंडावर व्होडका बंद केली आणि क्रांतीनंतरही १९२५ पर्यंत बंदी या ना त्या रूपात टिकली. आइसलंडमध्ये १९१५ पासून, नॉर्वेत कडक दारूवर १९१६ पासून, फिनलंडमध्ये १ जून १९१९ पासून. आइसलंडची गोष्ट मला फार बोलकी वाटते. त्यांची खारवलेली मासळी स्पेन घ्यायचा. स्पेनने सांगितलं, आमची वाइन घेणार नसाल तर तुमची मासळी आम्हाला नको. १९२२ मध्ये आइसलंडने स्पॅनिश वाइन खुली केली. १९३५ मध्ये कडक दारूही खुली झाली. बिअर मात्र १ मार्च १९८९ पर्यंत बंद! वाइन चालते, व्होडका चालते, बिअर नाही, अशी पन्नासहून जास्त वर्षं त्या देशाने काढली.

---

पायवाट

मी कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बायकांचं समुपदेशन करते. वीस वर्षं झाली. या धाग्यावर माझी बाजू आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. मी बंदीच्या बाजूची आहे.

अमेरिकेची जुनी गोष्ट सगळे सांगतात. मी अलीकडची सांगते. दक्षिण आफ्रिकेने कोरोनाच्या काळात देशभर दारूविक्री बंद केली, आणि एकदा नाही, अनेकदा. २७ मार्च २०२० ला बंद, १ जूनला खुली, १२ जुलैच्या रात्री राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी जाहीर करून तत्काळ पुन्हा बंद, ऑगस्टच्या मध्यावर खुली. जुलैतल्या त्या पाच आठवड्यांच्या बंदीचा अभ्यास झाला. इजा होऊन होणारे मृत्यू, म्हणजे मारहाण, अपघात वगैरे, निदान १४ टक्क्यांनी घटले. विक्री खुली झाली की अपघात विभाग पुन्हा भरायचे.

आपल्याकडच्या बिहारचं उदाहरण राज्याचं आहे, पण एकदाच सांगते. तिथे एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या एका नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की नवऱ्याकडून किंवा जोडीदाराकडून होणाऱ्या हिंसाचाराची सुमारे २१ लाख प्रकरणं बंदीमुळे टळली.

या आकड्यातली प्रत्येक बाई मला माझ्या समोरच्या खुर्चीत बसलेली दिसते. "बंदी फसली" असं लिहिणाऱ्यांनी ती फसली कुणासाठी, हेही लिहावं.

---

हिशेब

पायवाटताई, तुमच्या मुद्द्याचा मान राखून एक पुस्ती. दक्षिण आफ्रिकेत १२ जुलैला दारूबंदीबरोबरच रात्रीची संचारबंदीही लागली. त्यामुळे कमी झालेल्या मारामाऱ्यांतला थोडा वाटा तिचाही असेल. दुसरं म्हणजे पाच आठवडे हा फार छोटा काळ. पाच आठवड्यांत चोरटा बाजार नीट उभाच राहत नाही. घरोघरी अननसाची आंबवण सुरू झाली होती आणि अननसाची मागणी एकाएकी वाढली होती, पण मोठ्या टोळ्यांना घडी बसवायला वर्षं लागतात. अमेरिकेचा ३० टक्क्यांवरून ६०-७० टक्क्यांवर गेलेला आकडा हेच सांगतो. बंदीचा फायदा पहिल्याच महिन्यात पदरात पडतो, आणि तिची किंमत वर्षानुवर्षं वाढत जाते.

आता पैशाचं. झारच्या रशियात व्होडकाची विक्री सरकारच्या हातात होती आणि तिजोरीतला पाव हिस्सा किंवा त्याहूनही जास्त तिथून यायचा. महायुद्ध सुरू झालं आणि नेमका तोच नळ बंद केला. अमेरिकेला मद्यकर सोडणं परवडलं, कारण १९१३ मध्ये आयकर आला होता. पुढे १९२९ नंतरच्या मंदीत आयकर आटला, तेव्हा मद्यकराची आठवण झाली. ५ डिसेंबर १९३३ ला एकविसाव्या घटनादुरुस्तीने बंदी उठली, त्यामागे टोळीयुद्धाइतकीच रिकामी तिजोरीही होती.

माझं म्हणणं असं नाही, की महसुलासाठी दारू विकावी. उलट सरकारलाच दारूच्या पैशाची चटक लागते, हा मला सगळ्यात मोठा धोका वाटतो. ज्याच्या तिजोरीत तो पैसा जातो, त्यानेच व्यसनमुक्तीचं काम करायचं, यात गोम आहे.

---

निदान

डॉक्टर आहे. सांजवात, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आलो.

वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी तुटली, तर त्याचा जीव जाऊ शकतो. हे फार लोकांना माहीत नसतं. मेंदू दारूच्या दाबाखाली काम करायला सरावलेला असतो. दाब एकदम निघाला की तो उसळतो. पहिल्या दिवसात हात थरथरणं, घाम, मळमळ, झोप न येणं. साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, अंगावर किडे चढतायत असं वाटतं, ताप चढतो, नाडी धावते. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. उपचार अवघड नाहीत. मेंदू शांत करणारी डायझेपाम गटातली औषधं मोजून-मापून द्यायची आणि हळूहळू कमी करायची, बी-१ जीवनसत्त्व म्हणजे थायमिन द्यायचं, पाणी आणि क्षार सांभाळायचे. पण हे डॉक्टरच्या देखरेखीखाली.

म्हणजे ज्या दिवशी देशभर बंदी लागते, त्याच आठवड्यात हजारो माणसांना एकदम खाट लागते. मार्च २०२० मध्ये आपल्याकडे टाळेबंदीत दुकानं बंद झाली, तेव्हा हे दिसलं. केरळ सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि उच्च न्यायालयाने तो स्थगित केला. डॉक्टरांनीही त्याला विरोध केला होता, आणि तो बरोबर होता, कारण दारू सुटण्याच्या त्रासावर उपचार आहेत, त्यासाठी दारू देण्याची गरज नाही. पण ते उपचार घ्यायला दवाखाना गाठता यायला हवा.

दुसरी गोष्ट मिथेनॉल. दिसायला, वासाला नेहमीच्या दारूसारखंच. स्वस्त, कारखान्यांत लागतं म्हणून सहज हाताला येणारं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्याच्या नसेवर घाला घालतं. याचा घातकपणा असा, की पहिले बारा-चोवीस तास माणूस ठीक वाटतो. "जरा जास्त झाली" म्हणून घरचे झोपू देतात. मग धुक्यातून पाहिल्यासारखं दिसू लागतं, श्वास जोरात चालतो, आणि तोवर फार उशीर झालेला असतो. जिथे दारू पिणं हाच गुन्हा आहे तिथे तर लोक दवाखान्यात यायलाच घाबरतात. इराणमध्ये १९७९ च्या क्रांतीनंतर बंदी आहे. २०२० मध्ये दारूने कोरोना बरा होतो अशी अफवा पसरली आणि मिथेनॉलने शेकड्यांनी माणसं गेली.

---

उंबर

नेहमी नुसता वाचतो, कधी लिहीत नाही. डॉक्टर, तुमचा प्रतिसाद वाचून धडधडायला लागलं. माझ्या दादाने परवा रात्री शपथ घेऊन बाटली फोडली. आम्ही सगळे खूश होतो. काल सकाळपासून हात थरथरतायत, घामाने अंथरूण भिजतंय, दोन रात्री झोप नाही. वीस वर्षं रोज पितोय. आई म्हणते, सहन कर, विष बाहेर पडतंय. काय करू?

---

निदान

उंबर, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. जिथे रात्री डॉक्टर असतो अशा ठिकाणी. एकटं ठेवू नका, गाडी त्याला चालवू देऊ नका. तिथे स्पष्ट सांगा, रोज किती प्यायचा आणि शेवटची कधी घेतली. लाजू नका. याआधी कधी फिट आली असेल तर तेही सांगा. आईंना म्हणावं, त्याची इच्छा खरी आहे, पण शरीराला मदत लागते.

---

वकीलपत्र

उंबर, पोचलात की कळवा.

मी फौजदारी बाजूने लिहिते. चोरीच्या गुन्ह्यात फिर्यादी असतो. दारूच्या गुन्ह्यात नसतो. विकणाऱ्याला विकायची असते, घेणाऱ्याला घ्यायची असते, मग पोलिसाला खबऱ्या लागतो आणि झडती लागते. झडती कुणाच्या घरी होते? जिथे दार ठोठावल्यावर उलटा प्रश्न विचारणारं कुणी नसतं तिथे. माझ्याकडे आलेल्या दारूच्या खटल्यांत मोठा धंदेवाला मी एकदाही आरोपीच्या पिंजऱ्यात पाहिलेला नाही. डबा उचलून नेणारा पोरगा असतो, विधवा बाई असते.

अमेरिकेतही हेच. १९२८ च्या डिसेंबरात मिशिगन राज्यात दहा मुलांच्या एका आईला थोडीशी दारू विकल्याबद्दल जन्मठेप झाली. चौथा गुन्हा होता, आणि चौथ्या गुन्ह्याला जन्मठेप असा त्या राज्याचा कायदा होता. दुसरीकडे अल कपोन, चोरट्या दारूच्या धंद्यातला शिकागोचा टोळीप्रमुख. १९२९ च्या १४ फेब्रुवारीला शिकागोत भिंतीपाशी उभं करून सात जणांना गोळ्या घातल्या. संशय त्याच्या टोळीवर होता, पण त्या खुनांसाठी कुणालाही शिक्षा झाली नाही. कपोनला १९३१ मध्ये अकरा वर्षं मिळाली ती आयकर बुडवल्याबद्दल. दारूचा कायदा दहा मुलांच्या आईपर्यंत पोचला. कपोनला पकडायला दुसराच कायदा शोधावा लागला.

जुनीनोंद यांनी लिहिलं, की पहिल्या दिवसापासून कायदा दोघांसाठी वेगळा. शेवटच्या दिवसापर्यंत तो तसाच राहिला.

---

जुनीनोंद

डॉक्टरांच्या मिथेनॉलला जोडून. कारखान्यांसाठीचं अल्कोहोल पिता येऊ नये म्हणून अमेरिकन सरकार त्यात विष मिसळायला लावायचं. तस्कर ते चोरून शुद्ध करून विकायचे. १९२६ च्या अखेरीस सरकारने मिश्रण आणखी जहाल करायचं ठरवलं. लोक ते पिणार हे ठाऊक होतं. न्यूयॉर्कचे मुख्य वैद्यकीय तपासनीस चार्ल्स नॉरिस यांनी याविरुद्ध जाहीर आवाज उठवला. त्यांच्या प्रयोगशाळेत येणारी प्रेतं बहुतेक गरिबांची असायची, कारण चांगली तस्करीची दारू त्यांना परवडत नव्हती.

१९३० मध्ये आणखी वाईट घडलं. आल्याचा अर्क औषध म्हणून मिळायचा, त्यात अल्कोहोल भरपूर. सरकारी चाचणीत पकडला जाऊ नये म्हणून कुणीतरी त्यात प्लास्टिक उद्योगातलं एक रसायन घातलं. ते मज्जातंतूंवर जातं हे त्यांना माहीत नव्हतं. हजारो माणसांचे पाय लुळे पडले. पाऊल आपटत चालण्याच्या त्या चालीला लोकांनी नावच पाडलं, जेक लेग.

विष मिसळलेली दारू बंदी नसलेल्या देशातही येते, हे मान्य. सप्टेंबर २०१२ मध्ये चेक प्रजासत्ताकात मिथेनॉलने चाळीसच्या आसपास माणसं गेली. सरकारने २० टक्क्यांवरच्या सगळ्या दारूची विक्री देशभर थांबवली. पण दोन आठवड्यांत, जुन्या मालाचा उगम सिद्ध करायला लावून आणि बाटल्यांवर नवीन करपट्ट्या लावून, ती पुन्हा सुरू करता आली. बाटली कुठून आली हे विचारता येण्यासाठी ती कुठूनतरी उघडपणे आलेली असावी लागते.

---

पायवाट

सगळं वाचलं. विषारी दारूचं, तुरुंगाचं, टोळ्यांचं. खरं आहे. तरी मला एक सांगा. ही बंदी मागितली कुणी होती? अमेरिकेत १८७४ मध्ये बायकांची ख्रिश्चन संयम संघटना, म्हणजे दारूविरोधी संघटना, स्थापन झाली. तेव्हा विवाहित बाईला मालमत्तेवर हक्क तुटपुंजे, घटस्फोट मिळणं फार अवघड, मताचा अधिकार जवळपास कुठेच नाही. नवरा मारतो, असं चारचौघांत म्हणायची सोय नव्हती. दारू वाईट आहे, असं म्हणायची सोय होती. म्हणून त्या दारूबद्दल बोलल्या. मागणी दारूबंदीची होती, पण सांगायचं होतं ते घरातलं.

स्वीडनमध्ये २७ ऑगस्ट १९२२ ला बंदीवर सार्वमत झालं. बायकांची आणि पुरुषांची मतं वेगळी मोजली होती. बहुसंख्य बायकांनी बंदीच्या बाजूने मत दिलं, बहुसंख्य पुरुषांनी विरोधात. बंदी थोडक्यात हरली. हा निकाल मी प्रशिक्षणात नेहमी सांगते. एकाच घरातल्या दोघांनी एकाच प्रश्नाला दिलेली दोन उत्तरं आहेत ती.

---

सांजवात

पायवाटताई, हे वाचून थांबले होते. आईला मत विचारलं असतं तर तिने काय दिलं असतं, मला माहीत आहे.

पण तुमच्याच गोष्टीचा पुढचा भाग मला सापडला होता, तो सांगते. पॉलिन सेबिन नावाची बाई. आधी बंदीच्या बाजूची, मुलांसाठी हे चांगलं असं वाटायचं म्हणून. १९२९ मध्ये तिनेच बंदी उठवण्यासाठी बायकांची संघटना काढली आणि काही वर्षांत दहा लाखांहून जास्त सदस्य झाल्याचा त्या संघटनेचा दावा होता. तिचा मुद्दा मुलांचाच होता. मुलं कायद्याला न जुमानणं हेच सामान्य आहे असं पाहत मोठी होतायत. बायकांनी मागितलेली बंदी उठवायलाही बायकाच पुढे आल्या. दोन्ही वेळा त्या घरासाठीच बोलत होत्या, असं मला वाटतं.

आणि मला सगळ्यात जास्त हलवून गेलेला दाखला सोव्हिएत संघाचा. ती पूर्ण बंदी नव्हती, पण तिच्या जवळ जाणारी होती. मे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी मोहीम सुरू केली. उत्पादन कापलं, किमती वाढवल्या, दुपारी दोनच्या आधी विक्री बंद, द्राक्षमळे उपटले. सरकारी विक्री दोन-तीन वर्षांत निम्म्याहून खाली आली. लोक घरी सामोगोन, म्हणजे साखरेची हातभट्टी, गाळू लागले, साखर दुकानातून गायब झाली, कित्येक ठिकाणी शिधापत्रिकेवर द्यावी लागली. घरगुती दारू धरून खरं पिणं पाव हिश्शाने घटलं असा अंदाज आहे. आणि एवढ्याने काय झालं? रशियातल्या पुरुषांचं सरासरी आयुर्मान सुमारे ६२ वरून ६५ च्या जवळ गेलं. दोन-तीन वर्षांत! कुठल्या लसीने, कुठल्या औषधाने एवढ्या झटपट हे केलंय? १९८८ पर्यंत मोहीम गुंडाळली गेली, तिजोरीला भोक पडलं होतं, लोक चिडले होते. १९९४ मध्ये पुरुषांचं आयुर्मान ५८ च्या खाली गेलं. देश कोसळत होता, सगळं दारूमुळे नाही, पण दारूचा वाटा मोठा होता.

जी माणसं १९८६ मध्ये जगली, त्यांतली कित्येक पुढच्या सात-आठ वर्षांत गेली. मधल्या काळात त्यांच्या व्यसनावर कुणी हात घातला नव्हता. बाटली दूर नेली होती, ती परत आली. मला हे वाचताना बाबांचे ते आठ महिने आठवले. एकदा कामावर ताकीद मिळाली म्हणून त्यांनी आठ महिने सोडली होती. घरात हसणं आलं होतं. ताकीद विसरली गेली आणि पहिल्यापेक्षा वाईट सुरू झालं. त्या आठ महिन्यांत आम्हाला वाटलं, झालं, सुटली. कुणी सांगितलंच नाही, की उपचार करायची वेळ तीच होती.

---

हिशेब

सांजवात, फार मोलाचं लिहिलंत.

बंदी आणि मोकळं रान यांच्या मधे बरंच काही आहे, ते राहून जाऊ नये. फिनलंडमध्ये समुद्रमार्गे पिपे भरभरून स्पिरिट यायचं, दहा-दहा लिटरच्या पत्र्याच्या डब्यांतून. डिसेंबर १९३१ च्या सार्वमतात सुमारे ७० टक्के लोकांनी बंदी उठवायला कौल दिला. पण उठवल्यावर त्यांनी दारू बाजारात मोकळी सोडली नाही, सरकारी दुकानांकडे दिली. ती दुकानं ५ एप्रिल १९३२ ला सकाळी दहाला उघडली. पाच, चार, तीन, दोन, एक, शून्य, अशी ती तारीख-वेळ तिथे अजून सांगतात. स्वीडनने बंदी नाकारली, पण १९५५ पर्यंत प्रत्येकाची दारू वहीवर मोजून दिली. बायकांना त्या वहीत फार कमी किंवा काहीच नसायचं, हा अन्यायही त्यात होता. स्कॉटलंडने मे २०१८ मध्ये अल्कोहोलच्या प्रत्येक एककाला, म्हणजे दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला, किमान ५० पेन्स भाव बांधला. त्यांच्या आरोग्य खात्याच्या मूल्यमापनात केवळ दारूमुळे होणारे मृत्यू १३.४ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. रशियानेही या शतकात बंदी न करता किमान किंमत, रात्रीची विक्रीबंदी, जाहिरातबंदी असं करत २००३ ते २०१६ दरम्यान दरडोई खप ४३ टक्क्यांनी खाली आणला, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा.

---

पायवाट

किंमत वाढवली की घरातलं आणखी काहीतरी विकलं जातं, हिशेब. आकड्यांत हे दिसत नाही. पिणारा कमी पीत नाही, घर कमी खातं.

---

हिशेब

काही घरांत हे होतंच, नाकारत नाही. बंदीतही चोरटी दारू महागच असते, तेव्हाही घरातलंच विकलं जातं. निदान करातून आलेला पैसा उपचाराला लावा असं म्हणता येतं. तस्कराला तसं म्हणता येत नाही.

---

पायवाट

म्हणता येतं. लावला कुणी आहे? ज्या दिवशी लावतील त्या दिवशी मी तुमच्या बाजूला येईन. तोवर माझ्याकडे येणाऱ्या बाईला आजची रात्र काढायची असते, आणि आजच्या रात्रीपुरतं बंद दुकान तिला उपयोगी पडतं.

---

वकीलपत्र

आजच्या रात्रीसाठी कायदा तिला दुसरंही देऊ शकतो. मारणाऱ्याला घराबाहेर काढण्याचा आदेश, राहायला जागा, पोटगी. दारू प्यायला म्हणून नाही, मारलं म्हणून. दारू न पिणारे मारतात तेव्हा दारूबंदी तिच्या काहीच कामाची नसते. माझ्या खटल्यांतले निम्मे तसे आहेत.

---

पायवाट

हे मात्र खरं. माझ्याकडेही तसे खूप येतात.

---

उंबर

उशीर झाला लिहायला, माफ करा. त्याच संध्याकाळी नेलं. जाताना गाडीत तो भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणत होता, गाडीत भिंत कुठली. डॉक्टरांनी सांगितलं, आणखी एक रात्र घरी काढली असती तर अवघड होतं. आज तिसरा दिवस. औषधांनी झोपतोय, हात बरेच थांबलेत. आई त्याच्या उशाशी बसून आहे. तिला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. सलाईन लावलंय, त्याचं काही विचारायचं असतं का?

---

निदान

फार बरं वाटलं. ग्लुकोजच्या आधी थायमिन दिलं होतं ना, एवढं विचारा. आणि घरी सोडण्याआधी, पुढच्या तपासणीची तारीख आणि समुपदेशकाचं नाव कागदावर लिहून घ्या. पहिले तीन महिने सोबत कुणीतरी जात जा.